नोकियाने सगळे विंडोज फोनवर लावले, तेव्हा नेमके काय चुकले?

प्रश्न असा आहे की २०११ मध्ये नोकियाने गूगलच्या अँड्रॉइडऐवजी मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली निवडली, ही एकच चूक तिला भोवली का, आणि अँड्रॉइड घेतले असते तर ती वाचली असती का. मी २००५ पासून पुण्यात मोबाइलचे सॉफ्टवेअर लिहितो आणि त्यातील पहिली सहा वर्षे जवळजवळ पूर्णपणे सिंबियनवर, म्हणजे नोकियाच्या स्मार्टफोनांच्या तेव्हाच्या प्रणालीवर, गेली. त्यामुळे हे उत्तर पुरते तटस्थ असणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या मते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पैज लावली यापेक्षा ती कशी लावली, यात नोकिया अधिक चुकली. दुकानात जो माल खपत होता तो मोडीत निघाल्याचे तिने नवा माल हाती नसताना जाहीर केले, आणि नवा माल कधी व कोणत्या रूपात येणार हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कंपनीच्या हाती दिला. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचे असेल, तर निदान ती ओंजळ भरलेली आहे की नाही हे पाहून आपला माठ फोडावा. नोकियाने माठ आधी फोडला.

आधी २०१० ची स्थिती पाहू, कारण आज मागे वळून पाहताना ती कंपनी तेव्हाच मरणपंथाला लागली होती असे सर्रास लिहिले जाते. गार्टनर या बाजार-संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनपैकी ३७.६ टक्के सिंबियनचे होते आणि २२.७ टक्के अँड्रॉइडचे. नोकियाने त्या वर्षात सुमारे १० कोटी स्मार्टफोन विकले. त्यातले २ कोटी ८३ लाख एकट्या शेवटच्या तिमाहीतले होते. विक्री वाढत होती, फायदाही होत होता. मात्र महागड्या फोनांचा ग्राहक आयफोनकडे आणि मधल्या किमतीचा ग्राहक अँड्रॉइडकडे सरकू लागला होता, आणि नोकियाचा हिस्सा घटत होता. आजार खरा होता, पण रोगी अजून चालता-फिरता होता.

आजार कसला होता, हे सिंबियनवर काम केलेल्या माणसाला विचारावे. या प्रणालीचे मूळ सायॉन या ब्रिटिश कंपनीच्या इपॉक प्रणालीत होते. थोडक्या मेमरीत आणि थोडक्या बॅटरीत काम भागवणे हा तिचा जन्मजात गुण, आणि पुढे तोच तिच्या गळ्यातला धोंडा झाला. साधी अक्षरांची ओळ साठवायची तरी डिस्क्रिप्टर नावाच्या साच्यांचे पाच-सहा प्रकार, त्यातला कोणता कुठे वापरायचा हे चुकले की प्रोग्रॅम कोसळणार. ज्या फंक्शनमध्ये मध्येच अडथळा येऊ शकतो त्याच्या नावाच्या शेवटी मोठे ‘एल’ लावायचे, मेमरी घेतली की ती लगेच क्लीनअप स्टॅक या साफसफाईच्या यादीवर ठेवायची, काम झाले की आठवणीने काढायची. शिवाय २००६ नंतरच्या फोनांवर बरीच कामे करून घ्यायला ॲपवर सही लागे, आणि चाचणीपुरती सही हवी असेल तर टेबलावरच्या प्रत्येक फोनचा आयएमईआय क्रमांक टिपून प्रमाणपत्र मागवावे लागे. आमच्याकडे कपाटाच्या दाराला आतून अशा क्रमांकांची यादी चिकटवलेली होती, आणि एखादा फोन दुरुस्तीला गेला की त्या दिवशीचे काम अडून बसे. नवा मुलगा स्वतंत्रपणे काम करू लागायला चार-सहा महिने जात. तोच मुलगा अँड्रॉइडवर पंधरा दिवसांत काहीतरी चालते करून दाखवी. बाहेरच्या जगाला दिसणारा ‘ॲप कमी आहेत’ हा तोटा इथे, आमच्या त्या कपाटापाशी, तयार होत होता.

नोकियाला हे कळत नव्हते असे नाही. २००८ मध्ये तिने नॉर्वेची ट्रोलटेक ही कंपनी घेतली ती तिच्या क्यूटी या साधनासाठी. क्यूटीमध्ये एकदा लिहिलेला प्रोग्रॅम सिंबियनवरही चालेल आणि पुढे येणाऱ्या लिनक्सवर आधारित प्रणालीवरही चालेल, असा हा बेत होता. ती पुढची प्रणाली म्हणजे आधी मीमो आणि फेब्रुवारी २०१० मध्ये इंटेलशी हातमिळवणी झाल्यावर मीगो. बेत चांगला होता. क्यूटी हाताळल्यावर आमच्यासारख्यांना प्रथमच वाटले, की डिस्क्रिप्टरांच्या जाचातून सुटका होणार. पण अंमलबजावणीत कंपनीचे विभागच एकमेकांशी झुंजत होते, आणि २०१० च्या अखेरीस हिशेब मांडला तेव्हा २०११ संपेपर्यंत मीगोचा जेमतेम एक फोन बाजारात येईल, असे निघाले.

अशा वेळी, सप्टेंबर २०१० मध्ये, मायक्रोसॉफ्टमधून आलेले कॅनेडियन गृहस्थ स्टीफन एलॉप नोकियाचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. या पदावर बसलेले ते पहिलेच बिगर-फिनिश. फेब्रुवारी २०११ च्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचे कर्मचाऱ्यांना लिहिलेले एक पत्र फुटले. समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटाला आग लागली आहे आणि त्यावरच्या माणसाने जळून मरायचे की बर्फगार पाण्यात उडी घ्यायची हे ठरवायचे आहे, असे रूपक त्यात होते. जळता फलाट म्हणजे नोकियाची स्वतःची प्रणाली. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, शुक्रवारी ११ फेब्रुवारीला, लंडनमध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांच्या शेजारी उभे राहून एलॉप यांनी जाहीर केले, की यापुढे नोकियाची मुख्य स्मार्टफोन प्रणाली विंडोज फोन असेल. सिंबियनचे आणखी १५ कोटी फोन विकण्याची अपेक्षा आहे, असेही त्याच वेळी सांगण्यात आले. शेअर त्या दिवशी सुमारे १४ टक्क्यांनी घसरला.

ते १५ कोटी मला आजही नवलाचे वाटतात. ज्या फलाटाला आग लागली आहे असे मालकानेच सांगितले, त्याच फलाटावर आणखी १५ कोटी लोकांनी पैसे मोजून चढावे अशी अपेक्षा कोणत्या हिशेबाने केली असेल? शुक्रवारी घोषणा झाली आणि सोमवारी दुपारी आमच्या एका युरोपीय ग्राहकाचा फोन आला. त्यांच्या ॲपचे क्यूटीमध्ये पुनर्लेखन चालू होते, अकरा माणसे त्यावर होती आणि निम्म्याहून अधिक काम झाले होते. पलीकडच्या गृहस्थांनी अतिशय सभ्य भाषेत सांगितले, की या महिन्याचे बिल पाठवा, पुढचे काम थांबवा. विंडोज फोनवर क्यूटी येणार नव्हते. तिथे बाहेरच्यांना मुख्यतः मायक्रोसॉफ्टची सी-शार्प ही भाषा आणि सिल्व्हरलाइट हे साधन खुले होते, क्यूटी ज्या भाषेत चाले त्या सी++ ला दार बंद. म्हणजे आम्ही लिहिलेल्या कोडमधली एक ओळही नव्या घरी नेता येणार नव्हती. असे फोन त्या आठवड्यात जगभर किती ठिकाणी गेले असतील याची कल्पना करावी. एप्रिलमध्ये नोकियाने सिंबियनचे काम आणि त्यावरची सुमारे ३,००० माणसे ॲक्सेंचरकडे सोपवण्याचे ठरवले, त्यात भारतातली माणसेही होती.

आता न्यायाची बाजू. अँड्रॉइड का घेतले नाही, याचे उत्तर संचालकांच्या खोलीत बसून पाहिले तर तितके वेडगळ दिसत नाही. अँड्रॉइड घेतले की नोकिया सॅमसंग, एचटीसी, मोटोरोला, एलजी यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहणार, तीही दोन वर्षे उशिरा. गूगल सर्वांना जे देते तेच देणार. खास वागणूक नाही. नोकियाने नावटेक ही नकाशांची कंपनी घेण्यासाठी सुमारे ८.१ अब्ज डॉलर मोजले होते, आणि गूगलच्या फोनमध्ये गूगलचेच नकाशे असणार म्हटल्यावर ती रक्कम पाण्यात गेल्यासारखी होती. उलट मायक्रोसॉफ्टला नोकियाची नितांत गरज होती. तिने प्रत्येक तिमाहीला २५ कोटी डॉलर मदतीदाखल देण्याचे कबूल केले, नोकियाच्या नकाशांना आपल्या घरात जागा दिली आणि पहिल्या मानकऱ्याचा पाट मांडला. ॲपल आणि गूगल यांच्यानंतर तिसरा घोडा शर्यतीत असला पाहिजे ही एलॉप यांची मांडणी मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांनाही पटण्यासारखी होती, कारण दोघांच्याच मुठीत बाजार जाणे त्यांनाही नको होते. नावटेकवर खर्च केलेले पैसे मात्र या निर्णयात नको इतके वजनदार ठरले असावेत, असे मला वाटते. गेलेल्या पैशाची लाज राखण्यासाठी माणसे आणि कंपन्या बरेच काही करतात.

एलॉप हे मायक्रोसॉफ्टने मुद्दाम पाठवलेले हस्तक होते, ही कथा फिनलंडमध्ये आणि आपल्याकडेही फार लोकप्रिय आहे, आणि पुढे कंपनी विकली गेल्यावर त्यांना मिळालेल्या सुमारे १.८८ कोटी युरोंच्या रकमेपैकी ७० टक्के मायक्रोसॉफ्टने भरल्यामुळे तिला चांगलेच खतपाणी मिळाले. मला ती पटत नाही. निर्णयाला योर्मा ओलिला यांच्या अध्यक्षतेखालील संचालक मंडळाची संमती होती. कटकारस्थान मानले की खरी चूक तपासायची गरज उरत नाही, म्हणून ती कथा सोयीची आहे, एवढेच.

खरी चूक वेळापत्रकात दिसते. घोषणा फेब्रुवारीची. नोकियाचे विंडोज फोनवरचे पहिले दोन फोन, लुमिया ८०० आणि ७१०, लंडनमध्ये दाखवले गेले ते २६ ऑक्टोबरला. आठ महिने नोकियाच्या विक्रेत्याकडे सांगण्यासारखे एकच होते: हा फोन घ्या, जो आमच्या साहेबांच्या मते जळतो आहे. संगणकाच्या धंद्यात ही चूक १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या ऑस्बर्न कंपनीच्या नावाने ओळखली जाते. नवे मॉडेल तयार नसताना त्याची द्वाही फिरवली की जुन्याचे गिऱ्हाईक थांबते. मोबाइलमध्ये ही चूक अधिक घातक ठरते, कारण इथे माल थेट गिऱ्हाइकाकडे जात नाही. तो वितरकाच्या गोदामात पडतो, तिथून लहान विक्रेत्याकडे, तिथून दुकानात. आणि किंमत उतरणार अशी नुसती कुणकुण लागली तरी साखळीतला प्रत्येकजण पुढची ऑर्डर रोखून आधीचा माल खपवण्याच्या मागे लागतो. चीन आणि युरोपात नेमके तेच झाले. ३१ मे २०११ रोजी नोकियाने वर्षभराचा अंदाजच मागे घेतला. २ कोटी ८३ लाखांवरून स्मार्टफोनची तिमाही विक्री दोन तिमाहींत १ कोटी ६७ लाखांवर आली, आणि त्याच तिमाहीत २ कोटींहून अधिक आयफोन विकून ॲपल पुढे निघून गेली. प्रणाली जुनी झाल्याने होणारी घसरण इतकी उभी नसते. ती दोन-तीन वर्षांत होते, आणि ती दोन-तीन वर्षेच तर नोकियाला हवी होती.

याच काळात मीगोचा तो एकमेव फोन, एन-९, जून २०११ मध्ये सिंगापूरला सादर झाला. एकच अखंड रंगीत पॉलिकार्बोनेटचे अंग, समोर एकही बटन नाही, कडेवरून बोट सरकवले की ॲप मिटते. ज्यांनी तो हातात धरला त्यांना त्याची भुरळ पडली. पण तो कितीही चालला तरी मीगोकडे परतणार नाही, असे एलॉप यांनी आधीच सांगून टाकले होते, आणि अमेरिका, ब्रिटन, जर्मनी अशा मोठ्या बाजारांत तो अधिकृतपणे विकलाच गेला नाही. त्याचेच अंग थोड्या फरकाने लुमिया ८०० ला दिले गेले. जिवंत बाळाचे कपडे उतरवून दुसऱ्याला घालावेत तसे ते आमच्यासारख्यांना वाटले. पण भावना बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतो, की तयार झालेला फोन पूर्ण जोर लावून विकल्याने नोकियाचे नेमके काय बिघडले असते.

आता विंडोज फोन ७ या प्रणालीविषयी, कारण ‘विंडोज फोन वाईट होता’ हे विधान अर्धवट आहे. सरकत्या चौकोनांचा तो पडदा सुंदर होता, आणि त्या काळच्या स्वस्त अँड्रॉइडपेक्षा तो कितीतरी मऊसूत चाले. पण नोकियाचा बाजार ज्या देशांत होता त्या देशांत फोनचे उपयोग वेगळे होते, आणि हे मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या मुख्यालयात बसून कळण्यासारखे नव्हते. २०१२ च्या सुरुवातीला पुण्यातल्या तपकीर गल्लीजवळच्या एका ओळखीच्या दुकानात मी बसलो होतो, तेव्हाचा हा प्रसंग. महाविद्यालयातला एक मुलगा लुमिया ७१० पाहत होता. रंग आवडला, पडदा आवडला. किंमत मात्र अठरा-एकोणीस हजारांच्या घरातली, म्हणून तो पुन्हा पुन्हा उलटून पाहत होता.

“काका, ब्लूटूथ चालू करा ना, मित्राकडून दोन गाणी घेऊन आवाज ऐकतो.”

“दादा, याच्यात ब्लूटूथवरून गाणं येत नाही. हेडफोन जोडता येतो फक्त.”

“मग कार्ड काढून द्या, माझंच कार्ड घालून बघतो.”

“कार्डाची जागा नाही त्याला. घरी कॉम्प्युटर आहे का? त्यावर झून नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं, आणि मग गाणी चढवायची.”

मुलाने फोन काचेवर अलगद ठेवला आणि शेजारचा सॅमसंग मागितला. दुकानदाराने त्याला अडवलेही नाही. त्याच्या दुकानात दिवसाला वीस-पंचवीस जण मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला येत, आणि ज्या फोनला कार्डच नाही तो फोन त्याच्या लेखी अर्धाच होता. हाच दुकानदार दोन वर्षांपूर्वी नोकियाखेरीज दुसरा फोन हातात देत नसे. नोकियाच्या स्वतःच्या अभियंत्यांना ही उणीव ठाऊक नव्हती असे मी मानणार नाही. ब्लूटूथवरून फाइल पाठवणे हे तर नोकियाच्या साध्या फोनांनीच भारतभर शिकवले होते. पण प्रणाली आता त्यांची नव्हती. विंडोज फोनमध्ये ब्लूटूथने फाइली पाठवणे आणि मेमरी कार्ड या गोष्टी आल्या त्या आठव्या आवृत्तीत, २०१२ च्या अखेरीस, आणि दोन सिमची सोय आली थेट २०१४ मध्ये. दोन सिम म्हणजे भारतातल्या मधल्या गिऱ्हाइकाची पहिली अट. मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा यांनी त्याच अटीवर बाजार खाल्ला होता. पडदा, प्रोसेसर, मेमरी किती असावी याचे नियमही मायक्रोसॉफ्ट ठरवत होती, त्यामुळे एका कोअरचा प्रोसेसर आणि ८०० गुणिले ४८० ठिपक्यांचा पडदा यांपुढे विंडोज फोन ७ ला जाता येत नव्हते, आणि तेवढ्यात अँड्रॉइडवाले दोन आणि चार कोअरवर जाऊन पोचले होते.

पण या सर्वांवर कडी झाली ती २० जून २०१२ रोजी. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर केला आणि सांगितले, की आधीच्या कोणत्याही फोनवर तो चढणार नाही. कारण तांत्रिक होते आणि खरे होते: सातवी आवृत्ती विंडोज सीई या जुन्या गाभ्यावर उभी होती, आठवी मोठ्या संगणकांच्या एनटी गाभ्यावर. म्हणजेच नोकियाने जिच्यासाठी घर जाळले ती प्रणाली तात्पुरती तंबूत राहत होती, आणि पक्के घर बांधून झाल्यावर तंबूतल्यांना बाहेरच ठेवायचे, हे जवळपास ठरलेले होते. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा. अमेरिकेत लुमिया ९०० एप्रिलमध्ये एटी अँड टी या मोबाइल सेवा कंपनीकडे, तिच्या करारासह ९९ डॉलरना, मोठ्या गाजावाजाने आला होता. जुलैमध्ये त्याची किंमत निम्मी झाली. लुमियाची विक्री त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत ४० लाख होती, तिसऱ्या तिमाहीत ती २९ लाखांवर घसरली. दीड वर्षाच्या आत नोकियाने आपलाच चालू माल दुसऱ्यांदा शिळा करून घेतला होता, आणि या वेळी शिळा ठरवणारी तीही नव्हती.

आमच्यासारख्या ॲप लिहिणाऱ्यांच्या वाट्याला हे तीनदा आले. सातव्या आवृत्तीसाठी सिल्व्हरलाइट शिका, ८.१ येताच विनआरटी या दुसऱ्या पद्धतीकडे वळा, विंडोज १० बरोबर पुन्हा नवी पद्धत. इन्स्टाग्राम विंडोज फोनवर आले ते नोव्हेंबर २०१३ मध्ये, तेही ‘बीटा’ म्हणून. स्नॅपचॅट कधीच आले नाही. यूट्यूबचे मायक्रोसॉफ्टने लिहिलेले ॲप २०१३ मध्ये गूगलने बंद पाडले. लोकांना हे ॲपांच्या संख्येचे दुखणे वाटते. विंडोज फोनच्या ॲप स्टोअरमध्ये लाखभर ॲप होतेच की. पण जे आज शाळा-कॉलेजात चालू आहे ते सहा महिने उशिरा येणार, हे गिऱ्हाइकाला ठाऊक झाले होते.

मग करायला काय हवे होते? मी त्या खुर्चीत बसलेलो नव्हतो, त्यामुळे हे म्हणणे सोपे आहे, तरीही सांगतो. करार गुपचूप करून ऑक्टोबरपर्यंत तोंड मिटून बसता आले असते, निदान सिंबियनला मृत्युपत्र देण्याची गरज नव्हती. नोकियाचा ४१ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा ८०८ प्युअरव्ह्यू हा फोन सिंबियनवरच २०१२ मध्ये आला आणि तो पाहून कॅमेऱ्याचे वेडे अवाक झाले होते, यावरून त्या प्रणालीत थोडी धुगधुगी होती हे दिसते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला इतका मोठा करार फार काळ लपवता येत नाही हे मला मान्य आहे, पण जाहीर करणे आणि जुन्यावर रॉकेल ओतणे यांत अंतर आहे. दुसरे, करारात पैशांइतकाच जोर एका वाक्यावर द्यायला हवा होता: आज विकलेला फोन पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाईल, आणि जाणार नसेल तर नुकसान तुमचे. ज्याच्याशिवाय मायक्रोसॉफ्टचे चालणार नव्हते त्याला हे वाक्य मिळवता येण्यासारखे होते. तिसरे म्हणजे, एखादी परतीची वाट. सर्व काही एका प्रणालीवर लावणे सरसकट मूर्खपणाचे असते असे मी म्हणणार नाही. मोटोरोलाने २००८ नंतर आपले बहुतेक सगळे अँड्रॉइडवर लावले आणि २००९ अखेरच्या ड्रॉइड फोनने तिला काही काळ श्वास दिला; पण तिच्याकडे गमावण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. नोकियाकडे तिमाहीला पावणेतीन कोटींहून अधिक फोन विकणारे यंत्र होते, आणि असे यंत्र चालू ठेवून पैज लावायची असते.

अँड्रॉइड घेतले असते तर नोकिया वाचली असती का, याचे माझे उत्तर ‘काही वर्षे, पहिल्या तिघांत, पण सिंहासनावर नव्हे’ असे आहे. एचटीसी २०११ मध्ये शिखरावर होती आणि दोनच वर्षांत घरंगळली. मोटोरोलाचा फोनधंदा गूगलने १२.५ अब्ज डॉलरना घेतला आणि २०१४ मध्ये २.९१ अब्जांना लेनोव्होला विकायला काढला. एलजीने २०२१ मध्ये फोन बनवणेच सोडले. अँड्रॉइडच्या बाजारात पडदा, मेमरी आणि चिप स्वतः बनवणारी सॅमसंग एका टोकाला आणि नाममात्र नफ्यावर विकणाऱ्या चिनी कंपन्या दुसऱ्या टोकाला, यांच्यामध्ये सगळे भरडले गेले. तरीही नोकियाजवळ जे होते ते यांतल्या कोणाजवळ नव्हते: खेड्यातल्या पानपट्टीपर्यंत पोचलेले वितरण, आपटला तरी चालणारा फोन ही पत, आणि कॅमेऱ्यावरची हुकूमत. ४१ मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेला अँड्रॉइड फोन २०१२ मध्ये नोकियाच्या नावाने आला असता, तर सॅमसंगला घाम फुटला असता, असे मला आजही वाटते. उलट, आपली स्वतंत्र प्रणाली धरून बसणेही तारक नव्हते. ब्लॅकबेरीने जानेवारी २०१३ मध्ये नव्या दमाची बीबी १० आणली आणि ती पडली, पामची वेबओएस एचपीने विकत घेऊन दीड वर्षाच्या आत टाकून दिली.

विंडोज फोनचा एकच फोन आपल्याकडे खऱ्या अर्थाने लोकांचा झाला, तो लुमिया ५२०. एप्रिल २०१३ मध्ये तो साधारण साडेदहा हजारांना आला, त्यात मेमरी कार्ड होते, ब्लूटूथवरून गाणी येत होती, आणि त्या किमतीच्या अँड्रॉइडसारखा तो अडखळत नव्हता. तपकीर गल्लीतल्या त्याच दुकानदाराने तो माझ्यादेखत विकला, आणि विकताना पूर्वीसारखा आग्रहही केला. जुलै ते सप्टेंबर २०१३ या तिमाहीत ८८ लाख लुमिया विकले गेले. तोवरचा तो उच्चांक होता. पण ती तिमाही चालू असतानाच, ३ सप्टेंबरला, नोकियाने आपला फोनचा धंदा ५.४४ अब्ज युरोंना मायक्रोसॉफ्टला देत असल्याचे जाहीर केले होते. व्यवहार २५ एप्रिल २०१४ रोजी पुरा झाला. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना त्यातून वगळला गेला, कारण प्राप्तिकराच्या वादात तो अडकला होता. २००६ मध्ये सुरू झालेला तो कारखाना १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला, आणि त्याचा दोष केवळ ऑपरेटिंग सिस्टिमवर टाकता येणार नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या जुलैमध्ये या खरेदीपोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. नोकिया कंपनी मात्र बुडाली नाही, हेही नोंदवायला हवे. नेटवर्कच्या धंद्यात ती आजही मोठी आहे, आणि फोन विकून आलेल्या पैशांचा त्यात वाटा आहे.

आणि अँड्रॉइडचे म्हणाल, तर नोकियाने ते घेतलेही. २४ फेब्रुवारी २०१४ रोजी, कारखाने आणि माणसे मायक्रोसॉफ्टकडे जाण्याच्या दोन महिने आधी, बार्सिलोनात नोकिया एक्स दाखवण्यात आला. आत अँड्रॉइड, वर विंडोज फोनसारखे चौकोन, गूगलचे प्ले स्टोअर नाही, गूगलचे नकाशे नाहीत. भारतात तो मार्चमध्ये ८,५९९ रुपयांना आला. जुलैमध्ये नव्या मालकांनी ती मालिका बंद करत असल्याचे कळवले आणि पुढचे फोन विंडोजवर येतील, असे सांगितले.